शिधापत्रिका आणि लाटणें

१९४२ च्या मार्चमध्यें रंगून पडलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ मुंबईस येईनासा झाला. पैसेवाल्यांनीं घरांत बेगमी केली. इतरांच्या वाट्यास रांग आली. प्रश्न तुटीचा होता, तितकाच वाटणीचाहि होता. २ मे १९४३ पासून मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. रेशनच्या तांदळास लोकांनीं नांवें ठेविलीं. पण शिधा पैशावर नव्हे, तर घरांतील माणसांवर ठरावा, हें या व्यापारी शहरास नवें होतें.

१९७२ च्या दुष्काळांत धान्य, तेल, साखर, रॉकेल यांची टंचाई झाली, तेव्हां वाटणीचा हा हिशेब गृहिणींनींच मागितला. अंधेरी व बोरिवली यांच्या मधल्या गोरेगांवांत पाण्यासाठीं झगडून ‘पाणीवाली बाई’ ठरलेल्या मृणाल गोरे समाजवादी, तर अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. तरी महागाई-प्रतिकार समितींत दोघी एकत्र आल्या. लाटण्यांनीं थाळ्या बडवीत बायका रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरांतलें हें हत्यार मंत्र्यांनीं तोंवर कशाला पाहिलें असेल!

१९९९ सालीं महाराष्ट्रांत शिधापत्रिकांस पिवळा, केशरी व पांढरा असे तीन रंग आले. पांढरीवर स्वस्त धान्य मिळत नाहीं. उपनगरांतील कित्येक सुशिक्षित घरांत आज तीच कपाटांत पडून आहे. पुन्हां तूट आली, तर तिला माप कोणतें, हें तिच्यावर छापलेलें नाहीं.