कार्बन फायबरची गाडी धडकेत टिकते का?

कार्बन फायबर म्हणजे केसापेक्षा बारीक कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. पोलादापेक्षा खूप हलकं, पण ठिसूळ. मग ते माणसाला वाचवणार कसं?

१९८१ मध्ये मॅकलॅरेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी उतरवली, तेव्हाही हीच शंका होती. त्याच वर्षी इटलीत मॉन्झाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची ही गाडी कठड्यावर आदळली. इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन मात्र सहीसलामत चालत बाहेर आले.

पोलाद चुरगळून धडकेचा जोर पचवतं. कार्बन फायबरचा, नीट बनवलेला असेल तर, टोकापासून थोडा थोडा भुगा होत जातो आणि त्यातच जोर जिरतो. थरांची मांडणी चुकली, तर मात्र तो एका झटक्यात तुटतो. म्हणून बीएमडब्ल्यूच्या २०२२ पर्यंत बनलेल्या मूळ आय३ मध्ये केबिन कार्बन फायबरची होती, पण धडकेचा मार झेलणारा सांगाडा ॲल्युमिनियमचा. आम्हाला ही विभागणी शहाणपणाची वाटते.

पत्र्याला पोचा दिसतो. इथे आतले थर सुटले तरी वरून काही कळत नाही, त्यामुळे अपघातानंतर अल्ट्रासाऊंडसारखी तपासणी लागते. आणि बॉनेटवर चिकटवतात ते ‘कार्बन’ स्टिकर? त्याचा सुरक्षेशी काडीचाही संबंध नाही.