टोनर वाचवा, पण हॉल तिकिटावर नको

आपला कॅम्प २ म्हणजे मुळात लष्करी छावणी. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये नाव पडलं उल्हासनगर. रिकाम्या हाताने आलेल्यांचं गाव हे. डबा संपला की टाकायचा नाही, पुन्हा भरायचा.

टोनरचा डबाही तसाच. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला चेस्टर कार्लसनने कोरड्या पावडरीने पहिली छाप काढली. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आला, आत कॅननचं इंजिन. टोनर आणि ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये! म्हणजे पावडर संपली की धडधाकट ड्रमही कचऱ्यात. रिफिलवाल्यांचं फावलं ते इथेच.

मी झेरॉक्सच्या दुकानात बसायचो, तेव्हा सेटिंगमध्ये इकॉनॉमोड कायम चालू, डेन्सिटी एक घर खाली. लेझर ड्रमवर ठिपकेच कमी पाडतो, म्हणून पावडर कमी चिकटते. नोट्स जरा करड्या येतात, पण वाचता येतात. मी खूश.

मग एका सकाळी एक मुलगी धापा टाकत परत आली. ‘दादा, गेटवर म्हणतात फोटो ओळखू येत नाही.’ पेपरला वीस मिनिटं. मोड बंद केला, डेन्सिटी वर घेतली, नवीन प्रिंट दिली. पैसे कुठल्या तोंडाने मागणार?

त्या दिवसापासून हॉल तिकीट आलं की मी आधी सेटिंग बघायचो.