थरमंड: सात माणसं, सहा उमेदवार

१४ जून २००५ ला अमेरिकेतल्या एका गावात निवडणूक झाली. गावात राहणारी माणसं सात, त्यातली सहा उभी राहिलेली! सातव्या माणसाच्या दारात प्रचाराला किती गर्दी झाली असेल, या विचाराने मला अजून हसू येतं.

गाव वेस्ट व्हर्जिनियातलं, न्यू रिव्हरच्या खोल घळीत. नाव थरमंड. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५.

कॅप्टन डब्ल्यू. डी. थरमंड यांनी १८७३ मध्ये जमीन मोजणीचं काम केलं आणि मोबदल्यात ७३ एकर जागा मिळवली. त्याच वर्षी घळीतून चेसापीक अँड ओहायो रेल्वे गेली. आजूबाजूच्या खाणींतून कोळसा यायला लागला आणि गाव फुगलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मधे रूळ. रस्त्याला जागाच नाही! म्हणून बँक, दुकानं सगळी रुळांकडे तोंड करून उभी. दारातून पाऊल बाहेर टाकलं की समोर मालगाडी. भरभराटीच्या काळात दिवसाला पंधरा प्रवासी गाड्या थांबायच्या.

कॅप्टनसाहेब कट्टर, त्यांच्या हद्दीत दारूबंदी. मग पलीकडे मॅकेल यांच्या जागेवर १९०१ मध्ये शंभर खोल्यांचं डनग्लेन हॉटेल उभं राहिलं, आणि काय हवं ते तिथे! तिथला पोकरचा एक डाव म्हणे सलग चौदा वर्षं चालला. थरमंड म्हटलं की लोक हीच गोष्ट सांगतात. खरी असो नसो, मला त्या डावापेक्षा लोको शेडमधली माणसं जास्त खुणावतात.

वाफेच्या इंजिनाला माणसं फार लागतात हो. कोळसा भरा, पाणी भरा, राख काढा, बॉयलर धुवा. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडतात, ती आधी कोरडी करून भरून ठेवा. शिवाय खाणींकडून आलेले डबे जोडून लांब गाड्या तयार करायच्या, त्याला वेगळी माणसं. एवढ्या हातांचे पगार, म्हणून बँक. एवढी पोटं, म्हणून दुकानं.

१९३० मध्ये डनग्लेन जळालं, १९३१ मध्ये नॅशनल बँक ऑफ थरमंड बुडाली. मोटारी आल्या होत्याच. पण खरा घाव घातला डिझेल इंजिनाने. त्याला ना राख, ना दर मुक्कामी पाणी. कोळसा पाठवणाऱ्या गावाचा रोजगार गेला तो कोळसा न लागणाऱ्या इंजिनामुळे! १९२२ मध्ये बांधलेला, पाचशे टन कोळसा मावणारा काँक्रीटचा मनोरा अजून रुळांवर उभा आहे.

जॉन सेल्स यांनी 'मेटवान' (१९८७) या खाणकामगारांच्या संपावरच्या सिनेमाचं चित्रीकरण इथेच केलं. गाव आयतंच जुनं होतं ना!

असो. उरलेली माणसं मात्र गाव गंभीरपणे चालवतात. २०१५ मध्ये या पाच जणांनी समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांशी नोकरीत, घर देताना भेदभाव करायला बंदी घातली. एकमताने.

स्टेशनची इमारत १९९५ मध्ये डागडुजी करून नीट केली. अ‍ॅमट्रॅकची 'कार्डिनल' आठवड्यातून तीन दिवस इथून जाते. कोणी चढणारं-उतरणारं असेल तरच थांबते.