यंदाही नंबर लागला नाही

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मला एक ई-मेल येते. ती उघडताना छातीत धडधडतं, अगदी दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या बोर्डासमोर धडधडायचं तसं. मजकूर मात्र दर वर्षी तोच: अनसक्सेसफुल. यंदाही मला मूसचा टॅग लागलेला नाही.

टॅग कसला आणि मूस कोण, ते आधी सांगतो. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यात धिप्पाड जनावर, उंचीला घोड्याहून चढ. इथे कोलोरॅडोत मोठ्या जनावराची शिकार करायची तर सरकारी परवाना लागतो. त्याच्याबरोबर एक कागदी पट्टी येते. मारलेल्या जनावराला ती बांधायची, तोच टॅग. एक टॅग, एक जनावर. कुठल्या जातीचं, नर की मादी, राज्याच्या कुठल्या भागात, कोणत्या तारखांना, बंदुकीने की तीरकमठ्याने, सगळं त्यावर ठरलेलं. मागणारे हजारो आणि टॅग मोजके, म्हणून एप्रिलमध्ये अर्ज भरायचे आणि मग सोडत निघते. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते ना, तशीच!

शिकार हा शब्द काढला की आमच्या मंडळातले निम्मे लोक माझ्याकडे वाल्या कोळ्याकडे पाहावं तसं पाहतात. त्यांची क्षमा मागून सांगतो, मी मूळचा कोल्हापूरचा. तांबडा-पांढरा रस्सा खाऊन वाढलेल्या माणसाला, मटण कुठून येतं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं असं वाटलं, इतकंच. एम.एस. करून डेन्वरजवळ नोकरी लागली, घर घेतलं, आणि शेजारी एक पट्टीचा शिकारी निघाला. त्याच्या नादाने मी सुरक्षिततेचा कोर्स केला (१ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्यांना तो इथे सक्तीचा आहे) आणि २०१३ साली मूससाठी पहिला अर्ज टाकला. त्याच्या बरोबरीने मादी एल्कचे टॅग मिळाले, फ्रीझरही भरला. मूस मात्र हुलकावणी देत राहिला.

लॉटरीशी आपलं नातं तसं जुनं. २००८ च्या एप्रिलमध्ये एच-१बी व्हिसासाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले आणि सोडत काढावी लागली, त्यात माझाही अर्ज होता. माझा लागला, रूममेटचा नाही. आम्ही एकाच कॉलेजचे, एकाच डिग्रीचे, एकाच भाताच्या कुकरमधले. तेव्हा मला सोडत फारच न्याय्य वाटली होती! मूसच्या बाबतीत सतत हरायला लागल्यावर मात्र प्रश्न पडला, की हे लोक सोडतच का काढतात? पैसेवाल्याला विकून का टाकत नाहीत? नाहीतर ज्याची जमीन त्याची जनावरं, असं का नाही? उत्तर शोधत गेलो आणि भलत्याच जुन्या इतिहासात शिरलो.

मूळ प्रश्न एकच: रानातलं जनावर कुणाचं? आपल्याकडे उत्तर सोपं होतं, राजाचं. राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान. स्वातंत्र्यानंतर, १९५८ साली, ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि शिकारीचे परवाने देणंच थांबलं. म्हणजे आधी राजाचं, मग कुणाचंच नाही. मधली पायरी, सगळ्यांचं, ही आपल्याकडे फारशी आलीच नाही. इंग्लंडमध्येही हरणं राजाची आणि सरदारांची. तिथून अमेरिकेत आलेल्या माणसाला कोण आनंद झाला असेल! इथे राजाही नाही आणि रानाला कुंपणही नाही.

आणि न्यू जर्सीतल्या मंडळींनी इथे जरा कान टवकारावेत, कारण ही गोष्ट त्यांच्या रॅरिटन नदीच्या चिखलात सुरू होते. तिथल्या कालवांवर हक्क कुणाचा, असा खटला १८४२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. एका पक्षाचं म्हणणं, इंग्लंडच्या राजाने ही जमीन सनदेने दिली होती, तिथून ती आमच्याकडे आली. न्यायालय म्हणालं, पाण्याखालची जमीन राजाकडे होती ती रयतेचा विश्वस्त म्हणून. क्रांतीनंतर राजाच्या जागी जनता आली, तेव्हा आता ती जनतेची. कालवांपासून सुरू झालेला हा विचार पुढे मूसपर्यंत यायचा होता.

पण कोर्टाच्या निकालाने जनावरं वाचत नाहीत. 'सगळ्यांचं' याचा अर्थ लोकांनी 'जो आधी मारेल त्याचं' असा घेतला. रेल्वे आली, तिच्याबरोबर कातड्याचे आणि मांसाचे व्यापारी आले. ज्याला इथे बफेलो म्हणतात तो बायसन एके काळी कोट्यवधींनी होता. १८८९ साली विल्यम हॉर्नाडे यांनी मोजदाद मांडली तेव्हा पाळीव धरून जेमतेम हजारभर उरले होते. हजारभर! एल्कचीही तीच गत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. त्याचे सुळे घड्याळाच्या साखळीत अडकवायची फॅशन होती, त्यासाठी सुळे काढून बाकीचं जनावर तिथेच टाकून देत.

गंमत अशी, की पहिली बोंब मारली ती शिकाऱ्यांनीच. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राज्यातले वन्य प्राणी हे लोकांच्या वतीने राज्याच्या ताब्यात, असं म्हटलं. १९०० साली लेसी कायदा आला आणि एका राज्यात बेकायदा मारलेलं दुसऱ्या राज्यात नेणं हा गुन्हा ठरला. बाजारासाठी शिकार करणाऱ्यांचं कंबरडं मोडायला सुरुवात झाली. अर्थात यात एक मोठी भानगड होतीच. ज्या मूळ रहिवाशांचं सगळं जगणं बायसनवर होतं, त्यांना या 'सगळ्यां'त कुणी धरलं नव्हतं.

आता आपल्या ओळखीच्या जागी येऊ. सप्टेंबर संपताना डेन्वरची समस्त मराठी मंडळी पराठे आणि थर्मास घेऊन एस्टेस पार्कला जातात, एल्क नरांची ती शिट्टीसारखी साद ऐकायला. गोल्फच्या मैदानावर शंभर-शंभर एल्क निवांत बसलेले असतात आणि आपली पोरं फोटो काढत असतात. मलाही वाटायचं, हे इथे अनादी काळापासून असेच आहेत. तसं नाही. १८९० च्या सुमारास त्या खोऱ्यातले एल्क जवळजवळ संपले होते. १९१३ आणि १९१४ साली गावच्या सुधार मंडळाने आणि वनखात्याने मिळून यलोस्टोन भागातून एल्क आणले. किती? ४९. रॉकी माउंटन नॅशनल पार्क स्थापन झालं ते त्यानंतर, १९१५ मध्ये. असे एल्क राज्यात इतरत्रही आणून सोडले, आणि आज कोलोरॅडोत अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ज्या मूसपायी मी झुरतोय तो तर माझ्याइतकाच इथला. १९७८ मध्ये युटातून डझनभर आणि १९७९ मध्ये वायोमिंगमधून डझनभर आणून नॉर्थ पार्कमध्ये सोडले, तिथून हा गोतावळा सुरू झाला.

याला पैसा कुठून आला? बराचसा शिकाऱ्यांच्या खिशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला लावला, त्यात परवान्यांच्या फीची भर. म्हणजे कर भरणारे शिकारी, जनावरं सगळ्यांची, आणि मारायला परवानगी तेवढीच जेवढी कळपाला झेपेल. एवढं ठरलं की वाटप कसं करायचं हा प्रश्न उरतोच, आणि तिथे सोडतीशिवाय दुसरं काही सुचणं कठीण. १९९९ पासून कोलोरॅडोत हरणाचा प्रत्येक टॅग मर्यादित झाला.

मग हरणाऱ्यांची समजूत काढायला पॉइंट आले. हरलात? घ्या एक पॉइंट, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. माझ्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला या भागात फार रस. नेवाडात पॉइंटचा वर्ग करून त्यात एक मिळवतात, तितक्या चिठ्ठ्या तुमच्या नावाच्या. कोलोरॅडोत मूससाठी आधी तीन पॉइंट जमवायचे, म्हणजे पहिली तीन वर्षं हरण्याची गॅरंटी! त्यानंतर प्रत्येक अर्जाला एक यादृच्छिक आकडा मिळतो, त्याला तुमच्या पुढच्या पॉइंटमध्ये एक मिळवून भागतात, आणि ज्याचा आकडा लहान तो आधी. सुंदर अल्गोरिदम आहे. फक्त त्यात माझा नंबर लागत नाही. समजा दर वर्षी शंभरात एक अशी शक्यता धरली, तर एकदा तरी लागण्याची शक्यता निम्म्यावर यायला ६९ वर्षं लागतात. हे गणित मी बायकोला करून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, आणि लागलाच नंबर, तर ते चारशे किलोचं धूड ठेवणार कुठे?"

एक समाधान मात्र आहे. भारतात गेलो की आपण नॉन-रेसिडेंट. इथे सहा महिने सलग राहिलं की शिकारखात्याच्या लेखी आपण पक्के रेसिडेंट, पासपोर्ट कुठला ते कुणी विचारत नाही. बाहेरच्या राज्यातल्यांना फी कितीतरी जास्त आणि वाटा कमी. मोंटानात १९७६ साली स्थानिकाला एल्कचा परवाना ९ डॉलरला आणि बाहेरच्याला तो २२५ च्या एकत्रित परवान्यातच घ्यावा लागे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. करमणुकीची शिकार हा मूलभूत हक्क नव्हे, म्हणाले. पुढे ॲरिझोनाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवर खटला झाला आणि खालच्या एका न्यायालयाने शंका घेतली, तेव्हा २००५ साली काँग्रेसने कायदाच करून राज्यांना तो अधिकार दिला. तर अशी ही 'सगळ्यांची' व्याख्या, सोयीप्रमाणे लहानमोठी होणारी. थोडे टॅग लिलावातही जातात. २०१३ मध्ये मोंटानातल्या रानमेंढ्याचा एक टॅग ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. पैसा मेंढ्यांच्याच कामी येतो हे खरं, पण त्या माणसाने माझ्यासारखी जूनची ई-मेल कधी उघडली असेल असं वाटत नाही.

माझं दुःख तरी गमतीचं आहे. शेजाऱ्याचं नाही. त्याला हवा आहे वायव्य कोपऱ्यातल्या, वायोमिंगच्या सीमेलगतच्या २०१ नंबरच्या भागातला एल्क. तिथे बहुतेक टॅग ज्येष्ठतेने मिळतात, जास्त पॉइंटवाला आधी. त्याने सुरुवात केली तेव्हा कमी पॉइंट पुरत. पण रांगेत माणसं वाढत गेली, टॅग तेवढेच राहिले, आणि लागणारे पॉइंट वर सरकत गेले, वीसच्याही पुढे. एस.टी.च्या मागे धावावं आणि आपण दाराशी पोचलो की ड्रायव्हरने थोडी पुढे घ्यावी, तसं चाललंय. त्याच्याकडे तेवीस पॉइंट आहेत. वय एकाहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पॉइंट मुलाच्या नावावर करता येत नाहीत, मृत्युपत्रातही लिहिता येत नाहीत.

या एप्रिलमध्ये तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्ज भरायला बसला होता. वेबसाइटचं त्याला जमत नाही. अर्जात एक वेगळा कोड असतो: यंदा टॅग नको, फक्त पॉइंट द्या. गुडघ्याचा विचार करून मी विचारलं, "यंदा तो कोड टाकू का?" त्याने चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. "चोविसावा पॉइंट घेऊन मी काय करू?" म्हणाला, आणि खिशातून कागद काढून २०१ चा कोड मला एकेक अक्षर वाचून दाखवायला लागला.