पापणी ओढून बघणारी सिस्टर



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंना घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. चक्कर येते, एवढंच त्या सांगत होत्या. ओपीडीत ही गर्दी! सिस्टरने त्यांचं वजन घेतलं, दंडाला बीपीचा पट्टा बांधला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि हळूच विचारलं, "पाळी किती दिवस जाते, ताई?" ताई म्हणाल्या, "दहा-बारा दिवस." हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आत डॉक्टरसाहेबांनाही सांगितलं नसतं. सिस्टरने ते केसपेपरवर लिहिलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात!

हा प्रश्न विचारणारी बाई दवाखान्यात यायला आपल्याकडे फार वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगते.

दीडशे वर्षांपूर्वी अनेक घरांत बाई कितीही आजारी असली तरी परक्या पुरुषाला दाखवायची रीत नव्हती. म्हणून १८८६ साली मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. तिथे डॉक्टरही बायकाच होत्या. पण शिकलेल्या परिचारिका कुठून आणायच्या? त्या काळी मोठ्या दवाखान्यांत हे काम बहुतेक गोऱ्या बायका आणि ख्रिस्ती धर्मभगिनी करत. त्या धर्मभगिनींना 'सिस्टर' म्हणत. तीच हाक अजून आपल्या तोंडी आहे. १८९१ साली जे. जे. रुग्णालयात शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय परिचारिकांत घेतलं जातं.

लोक या कामाला हलकं समजत. कुणाच्याही जखमा धुवायच्या, कुणालाही शिवायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे 'चांगल्या घरच्या' बाईला शोभत नाही म्हणत. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांचं सेवासदन सुरू झालं. घरच्या कोपऱ्यात बसवलेल्या विधवांना त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. बोलणारे बोलत राहिले, बायका शिकत राहिल्या.

तरी खेड्यापर्यंत कोण पोचणार? नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. तेव्हा देशात त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका होती! पुढे १९५२पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली, नंतर उपकेंद्रं आली. आज सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावं, असा नियम आहे. तिथल्या नर्सबाई म्हणजे आपल्या ए.एन.एम. ताई.

मैत्रिणींनो, ओपीडीत सिस्टर नुसती सुई टोचत नाही. रांगेत तापाने फणफणलेलं लेकरू दिसलं तर त्याला आधी आत घेते. ड्रेसिंग करते, लस देते, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर ते समजावते. आणि आपण लाजून गिळलेलं दुखणं विचारून बाहेर काढते.

म्हणून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. रांगेत उशीर झाला म्हणून सिस्टरवर ओरडायचं नाही. जुना केसपेपर सोबत न्यायचा. आणि ती विचारेल ते खरं सांगायचं. आणखी एक, उपकेंद्रात नर्सची जागा रिकामी असेल तर तो विषय ग्रामसभेत आपणच काढायचा.

आमच्या ताई आता लोहाच्या गोळ्या घेतात, पुढची तपासणीही ठरली आहे. तुमच्या गटात कुणाला अशी चक्कर येते का, ते येत्या बैठकीत जरूर विचारा.