तोळ्याच्या हिशेबाची गोळी

चाकणहून भोसरी, कासारवाडी करीत पुण्याकडे निघालो की दापोडीला मुळा नदी आडवी येते. पूल ओलांडला की बोपोडी, आणि पुढे खडकी. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. पिंपरी-चिंचवडला यंत्रांचे नि मोटारींचे कारखाने उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीचा. तिथल्या काडतुसांच्या निमित्ताने आज एक जुना प्रश्न आपल्यापुढे मांडतो. मोठ्या जनावराच्या शिकारीला गोळी किती वजनाची असावी?

गोळीचे वजन मोजायचे माप ग्रेन. नाव परके वाटले तरी हिशेब आपल्या घरचाच आहे. इंग्रजी अमलात ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा, आणि मासा १५ ग्रेनांचा. म्हणजे सोनाराच्या तागडीत गोळी घातली तरी चालेल!

आपण ‘बारा बोरची बंदूक’ म्हणतो, त्यातला बारा हा आकडाही वजनाचाच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. ही गोळी सव्वातीन तोळ्यांची. चार बोरची गोळी पौंडाच्या चौथाईएवढी, जवळजवळ पावणेदहा तोळ्यांची. जुनी काळी दारू गोळीला फार वेग देऊ शकत नसे. मग जोर वाढवायचा तर वजन वाढवायचे, एवढाच मार्ग होता. हत्ती-गव्यासाठी असल्या अवजड बंदुका खांद्याला लावाव्या लागत, आणि धक्का असा बसे की खांदा सुजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि हिशेब बदलला. वेग वाढला, तशी गोळी बारीक, लांब आणि तांब्या-निकेलच्या कवचाची झाली. फौजेची मार्टिनी-हेन्री बंदूक २ तोळे ८ मासे वजनाची गोळी फेकी. पुढे ३०३ रायफल आली, तिची १९१० सालची गोळी तोळ्याहूनही थोडी हलकी.

मग शिकाऱ्याने काय निवडावे? १९१२ साली निघालेल्या ३७५ मॅग्नमचे उदाहरण घ्या. तिला तीन वजनांच्या गोळ्या मिळत: २३५, २७० आणि ३०० ग्रेन. सांबरासारख्या जनावराला हलकी गोळी पुरे. दीड तोळ्याची मधली गोळी वाघाला चाले. गव्याला मात्र ३०० ग्रेनांची जड गोळी, तीही भरीव कवचाची. कारण जाड कातडे नि हाड भेदून ती आत खोल जावी लागते. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच पसरते. वाघाला ती योग्य, पण गव्याच्या खांद्यात ती वरच्या वर अडकायची.

दुनळी रायफलीची गोष्ट आणखी नाजूक. कारागीर तिच्या दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारा करतील अशा जुळवी. पण ही जुळणी ठराविक वजनाची गोळी आणि ठराविक दारू धरूनच केलेली असे. दुसऱ्या वजनाचे काडतूस घातले की दोन गोळ्या दोन दिशांना! म्हणून कारखान्यात भरलेले, एकसारखे काडतूस घेणे हाच शहाणपणा होता.

निवडीत आणखी एकाचा हात होता, तो म्हणजे सरकारचा. १८७८ च्या कायद्याने सामान्य रयतेला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे अवघड झाले. पुढे १९०७ च्या सुमारास ४५० बोरच्या रायफली हिंदुस्थानात आणायलाच बंदी झाली. भीती ही, की तिच्या गोळ्या बंडखोरांच्या हातच्या मार्टिनीत जातील. विलायती बंदूकवाल्यांनी मग ४६५, ४७० असे नवे बोर काढले. फौजेची ३०३ ही सामान्य माणसाला बंदच. स्वतंत्र भारतात परवानेदारासाठी इशापूरला ३१५ रायफल बनली, आणि तिची काडतुसे आपल्या खडकीत. गोळी २४४ ग्रेनांची, म्हणजे १ तोळा ४ मासे.

पसरणाऱ्या गोळीची आणखी एक गंमत पाहा. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे फौजेसाठी ती बनली, आणि १८९९ साली हेगच्या परिषदेने युद्धात ती निषिद्ध ठरवली. माणसावर जी क्रूर, तीच शिकारीत दयेची मानली गेली. कारण जनावर तडफडत न राहता लवकर मरे.

आणि न मेल्यास? कुमाऊंतल्या चंपावतच्या वाघिणीला जिम कॉर्बेटने १९०७ साली मारले. तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांवर वळली, आणि ४३६ बळी तिच्या नावावर लागले. कुणा एकाची गोळी चुकीच्या जागी लागली, आणि तिची किंमत गावोगावच्या गवत कापणाऱ्या बायकांनी मोजली.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शौकाची शिकार संपली. ते बरेच झाले. आज खेड-मावळात रानडुकराने पीक नासले की शेतकऱ्याला संताप येतो, आणि तो खराही आहे. पण वाट वनखात्याकडे जाण्याची आहे. अंधारात घाईने झाडलेली गोळी जखमी जनावर मागे ठेवते, आणि ते जनावर कुणाच्या वाटेत उभे राहील ते सांगता येत नाही. जुना जाणता शिकारी गोळी तोलून घेई, आणि घोड्याला बोट लावण्याआधी स्वतःलाही तोलून पाही.