ग्रँट रोडवरील नाट्यगृहे

मुंबईच्या ग्रँट रोड परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उदयास आलेला रंगभूमीविषयक वास्तूंचा समूह. कोट विभागातील हिरवळीवर 1776 मध्ये उभारलेली जुनी नाटकशाळा कर्जापायी 1835 मध्ये विकली गेल्यावर नागरिकांनी सरकारदरबारी अर्ज केले आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर 1846 मध्ये ग्रँट रोड नाट्यगृह सुरू झाले. आरंभी येथे प्रामुख्याने इंग्रजी प्रयोग होत. परंतु कोटापासूनचे अंतर गोऱ्या प्रेक्षकांस गैरसोयीचे ठरल्याने ते देशी मंडळींस खुले झाले, आणि 1853 मध्ये विष्णुदास भावे यांच्या मराठी नाटकांबरोबरच पारशी नाटक मंडळीचेही प्रयोग तेथे झाले. मराठी, गुजराती व उर्दू रंगभूमीच्या व्यावसायिक जडणघडणीत या एका वास्तूचा वाटा अमोल आहे. पुढे आसपास अनेक नाटकगृहे उभी राहून हा भाग पिला हाउस या नावाने विख्यात झाला. बोलपटाच्या आगमनानंतर मात्र त्यांतील बहुतेकांची चित्रपटगृहे झाली. नजीकच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्‌घाटन 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. 1993 मध्ये बंद पडलेली ही वास्तू जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पुनश्च रसिकांस खुली झाली, हे नाट्यवारशाच्या जतनाचे अनुकरणीय उदाहरण होय.